बोट लागते सहाला, आपण उतरतो नऊला

आमच्या सासूबाई देवगडच्या. बोटीचे नुसते नाव काढले तरी त्यांच्या पोटात अजून ढवळते. ‘माका बोट लागता’ असे त्या म्हणतात ते मळमळण्याच्या अर्थाने. यंदा फेब्रुवारीत मलाही बोट लागली, पण ती वेगळ्याच अर्थाने. म्हणजे बोट धक्क्याला लागली, माझ्या डोळ्यांदेखत लागली, दोर बांधले गेले, आणि तरीही आम्हां चौघांना उतरता येईना. मळमळ नव्हती, पोटात गोळा आला होता.

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या पुष्कळजणी क्रूझला जाऊ लागल्या आहेत. कुणी मुंबईहून गोव्याला, कुणी टूरबरोबर सिंगापूरला. कपडे कोणते न्यावेत, शाकाहारी जेवण मिळते का, हे सगळ्या विचारतात. बोटीतून उतरून परतीचे विमान कसे गाठायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. म्हणून झाली ती हकिकत सांगते.

माझ्या थोरल्या वन्सं नागपूरला असतात. त्यांच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. या दोन वर्षांत वन्सं एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिलेल्या नव्हत्या. माहेरी गणपतीलाही नाही. भाऊजी जानेवारीत रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मनात घेतले, की हिला एकदा बोटीतून हिंडवून आणायचे. (देवगडच्या मुलीला समुद्राचे काय अप्रूप! पण पुरुषांच्या डोक्यात एकदा आले की आले.) आम्हां दोघांनाही त्यांनी आग्रहाने बरोबर घेतले.

पण आजींचे काय? शेवटी शेजारच्या काकू उभ्या राहिल्या. रात्रीला एक बाई ठेवली, दिवसा काकू. त्यांची अट एकच होती. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि सोमवारी संध्याकाळच्या गाडीने त्यांना अमरावतीला जायचे होते. ‘सोमवारी तीन वाजेपर्यंत आजी माझ्या. तीनच्या पुढे मला धरू नका,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते.

तिकिटे भाच्याने पुण्यात बसून काढली. आमची बोट शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघणार, शनिवारी गोवा, रविवारी दिवसभर समुद्रात, सोमवारी सकाळी सहाला परत मुंबई. वन्सं-भाऊजींचे विमान अकरा वीसचे, एकच्या आत नागपूर, दोनला घरी. ‘मामी, मध्ये चांगले पाच तास आहेत. नाश्ता करून आरामात जातील,’ असे तो मला फोनवर म्हणाला. आम्हां सगळ्यांनाच ते पटले. एस.टी. स्टँडात शिरली की पिशवी उचलायची आणि उतरायचे, हा आपला अनुभव. बोटीलाही आम्ही तोच हिशेब लावला.

तो हिशेब साफ चुकीचा असतो. सहा ही वेळ बोट बंदरात येण्याची. एवढ्या मोठ्या बोटीला आपल्या मनाने धक्क्याशी येता येत नाही. बंदराचा पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या, लहान होडीतून येऊन बोटीवर चढतो आणि त्याच्या सांगण्यावरून ती आत आणतात. धक्का मोकळा असावा लागतो. वारा, भरती-ओहोटी बघावी लागते. मग दोर बांधायचे, शिडी लावायची, बंदराच्या अधिकाऱ्यांनी होकार द्यायचा, सामान खाली न्यायचे, आणि त्यानंतर माणसे. तीही एकदम नव्हेत. हजार-दीड हजार माणसे एका चिंचोळ्या वाटेने उतरायची म्हणजे रंगांप्रमाणे, नंबराप्रमाणे टोळ्या पाडतात. लग्नात पंगती उठतात तसे. पहिल्या पंगतीला बसलेला सुखी, शेवटच्या पंगतीचा ताटकळत उभा.

रविवारी रात्री आमच्या केबिनमध्ये एक कागद आला. मोठे सामान टॅग लावून रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवा, आम्ही उतरवू. नाहीतर आपले सामान आपण उचलून घेऊन जा. जे स्वतः सामान घेऊन जातात त्यांना आधी सोडतात, हेही त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते. वन्संची बॅग भली मोठी, निळी. भाऊजींची कंबर धरलेली. ‘द्या ठेवून बाहेर, कशाला ओढत बसता?’ हा सल्ला माझा. त्याचे माप माझ्याच पदरात घालते. आमच्या टॅगचा रंग आला हिरवा आणि हिरव्यांचा नंबर शेवटून दुसरा. विमानाचे तिकीट रात्रीच रिसेप्शनवर दाखवले असते तर रंग बदलून मिळाला असता, हे मला सकाळी रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गुजराती बाईंनी सांगितले. त्यांचा रंग पिवळा होता. त्या हसतमुख होत्या.

एक गोष्ट तेवढी वन्संनी आपणहून केली होती. आधार कार्डे, भाऊजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, घराची किल्ली आणि फोनचा चार्जर, हे सगळे त्यांनी खांद्याच्या पर्समध्ये ठेवले होते. आजींच्या आजारपणाने लागलेली सवय. औषध कपाटात नाही, हाताशी हवे.

सोमवारी सहाला आम्ही डेकवर उभे. समोर मुंबईचे दिवे, थोडे धुके, आणि बोट जागच्या जागी. साडेसहा झाले, सात झाले. साडेसातला कर्ण्यावरून सांगितले, की धक्का अजून मोकळा झालेला नाही, तोपर्यंत प्रवाशांनी नाश्ता करावा. नाश्ता कसला उतरतोय! त्यात बिलाचा घोळ निघाला. भाऊजींच्या खात्यावर न प्यायलेल्या दोन कॉफ्या लागल्या होत्या, म्हणून ते रिसेप्शनच्या रांगेत गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. बिल आदल्या रात्री बघून मिटवावे. आणि दोन कॉफ्यांसाठी सकाळी भांडू नये, असे मी तरी म्हणेन. भाऊजींना ते अजून मान्य नाही.

वन्सं गप्प होत्या. त्यांना धीर द्यावा म्हणून असेल, पण भाऊजींनी रेल्वेची गोष्ट काढली. म्हणाले, याच बॅलार्ड पिअरवर एके काळी स्टेशन होते, बॅलार्ड पिअर मोल नावाचे. १९२८ साली फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा विलायतेच्या बोटी भरून येण्याच्या हंगामात, सप्टेंबर ते डिसेंबर, ती कुलाब्याऐवजी इथूनच सुटायची. साहेब बोटीतून उतरला की समोर गाडी उभी. बसला की थेट पेशावरपर्यंत. ‘तेव्हा बोटीसाठी गाडी धक्क्यावर यायची,’ असे भाऊजी म्हणाले. वन्संनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. ‘आता विमान येणार आहे का?’ एवढेच त्या बोलल्या.

आठ वीसला बोट धक्क्याला लागली. पावणेनऊला पहिला रंग सुटला. हिरव्यांना साडेनऊशिवाय वाट मिळणार नाही हे दिसतच होते.

आता पुढचे मी विसरणार नाही. आमच्या वन्सं कधी कुणापाशी काही मागत नाहीत. दुकानात उरलेले सुटे पैसेसुद्धा मागत नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि दाराशी उभ्या असलेल्या गणवेशातल्या तरुण अधिकाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. हिंदीत म्हणाल्या, ‘बेटा, घरी सास बिस्तर पर है. जिच्यावर सोपवलंय तिला तीन वाजता जायचंय.’ अर्धे हिंदी, अर्धे मराठी. त्याने तिकीट बघितले, घड्याळ बघितले, आणि म्हणाला, दोघांनी हातातल्या सामानासह आत्ताच जा, मोठी बॅग मात्र अजून खाली आलेली नाही. वन्संनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. ‘बॅग मी घेते, तुम्ही निघा,’ मी म्हटले. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती दोघे टॅक्सीत बसली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण जरा लवकरच.

नऊ वीसला वन्संचा फोन. ‘अगं, समुद्र डाव्या हाताला दिसतोय. तो मोठा पूल कधी यायचा?’

माझ्या हातापायांतले बळच गेले. डाव्या हाताला समुद्र म्हणजे मरीन ड्राइव्ह! भाऊजींनी टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ एवढेच सांगितले होते आणि टॅक्सीवाल्याने बिचाऱ्याने मुंबईतला माणूस समजेल तेच समजून सांताक्रूझचा रस्ता धरला होता. यांचे विमान होते नवी मुंबईहून. तिकिटावर ‘एन एम आय’ ही तीन अक्षरे होती. नवी मुंबईची ती खूण. मुंबईच्या जुन्या विमानतळाची खूण ‘बी ओ एम’. शुक्रवारी निघतानाच मी ती भाऊजींना दाखवली होती. आम्हां रबाळ्याच्या लोकांना त्याचे कौतुक फार, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली आणि ‘आमचा विमानतळ’ असे आम्ही घरातल्या कार्यासारखे सांगत सुटलो. पण सांगणे वेगळे आणि माणसाच्या डोक्यात बसणे वेगळे.

फोन टॅक्सीवाल्याला द्यायला लावला. ‘दादा, मागे फिरा. ऑरेंज गेटहून फ्रीवे, शिवडीला अटल सेतू, आणि सरळ उलव्याकडे.’ माणूस समजूतदार होता. काही न बोलता वळला. अटल सेतू हा जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, आणि बॅलार्ड पिअरहून नवी मुंबईच्या विमानतळाला जायला त्याच्यासारखी वाट नाही. रिक्षा आणि दुचाकी त्यावर जाऊ देत नाहीत, टॅक्सी जाते. तो पूल नसता तर वाशीच्या खाडीपुलावरून ती दोघे अकरापर्यंतही पोचली नसती.

आता गंमत बघा. देशातल्या विमानाला सामान द्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. म्हणजे दहा वीसला. ती दोघे विमानतळावर पोचली दहा एकतीसला! ती निळी बॅग बरोबर असती तर तिथूनच परत फिरावे लागले असते. पण बॅग माझ्यापाशी होती. बोर्डिंग पास भाच्याने रविवारीच घरबसल्या काढून पाठवला होता आणि संध्याकाळी किनाऱ्याजवळ जरा रेंज आली तेवढ्यात भाऊजींनी तो फोनमध्ये उतरवून घेतला होता. खोल समुद्रात रेंज नसते, हे लक्षात ठेवा. जे उतरवून घ्यायचे ते किनारा दिसतोय तोवर. दोघे थेट तपासणीच्या रांगेत गेली. दहा बावन्नला वन्संचा दोन शब्दांचा निरोप आला, ‘आत बसलो.’ मी तेव्हा बोटीच्या सामानाच्या ढिगापाशी उभी होते. तिथेच खाली बसले.

बोटीनंतर विमान असेल तर दुपारनंतरचे घ्यावे. परदेशातल्या बोटकंपन्यासुद्धा प्रवाशांना साधारण बारानंतरचेच विमान घ्यायला सांगतात. संध्याकाळचे असेल तर उत्तमच, आणि घरी कुणी आपल्यासाठी अडकून बसलेले नसेल तर एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशीचे. वन्संना ते शक्य नव्हते, पण अकरा वीसऐवजी दुसरा मार्ग होता. शुक्रवारऐवजी एक दिवस अलीकडची, रविवारी परतणारी फेरी बघता आली असती. ते कुणाला सुचले नाही, कारण आम्ही आधी बोट ठरवली, मग विमान, आणि सगळ्यांत शेवटी काकूंना विचारले. क्रम उलटा हवा होता.

विमानतळ कोणता हे मात्र तिकीट काढतानाच बघा, कारण दोन-दोन विमानतळांची ही नवी भानगड नुसती मुंबईतच नाही. कुणी गोव्यात उतरून विमानाने परतणार असेल तर तिथेही तेच. बोट लागते मुरगाव बंदरात, वास्कोजवळ. दाबोळीचा विमानतळ तिथून अगदी जवळ. पण २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचाही सुरू झाला आहे आणि तो पेडणे तालुक्यात, गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दाबोळीची खूण ‘जी ओ आय’, मोपाची ‘जी ओ एक्स’. एका अक्षराचा फरक, पण आख्खा गोवा ओलांडावा लागतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाला जायचे असेल आणि सामान बेताचे असेल, तर बॅलार्ड पिअरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जवळ आहे. तिथून २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो मिळते. ती दोन्ही टर्मिनलांना थांबते आणि तिला सिग्नल लागत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक बघावे. बंदराचे नाव आणि शहराचे नाव एक नसते. रोमची म्हणून जी बोट विकतात ती चिवितावेक्कियाला लागते, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. लंडनची बोट पुष्कळदा साउदॅम्प्टनला, तेही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय बोट दुसऱ्या देशाला शिवून आली की तुम्ही पहिल्या देशात पुन्हा नव्याने शिरता. म्हणजे पासपोर्टची रांग पुन्हा, आणि व्हिसाही एकदाच आत सोडणारा असून चालत नाही. सिंगापूरहून फुकेतला जाऊन येणाऱ्यांच्या घड्याळाचा तर वेगळाच खेळ होतो. फुकेतचे घड्याळ सिंगापूरच्या तासभर मागे, बोट चालते आपल्या स्वतःच्या वेळेवर, आणि फोन मधेच कुठली तरी तिसरीच वेळ दाखवतो. साधे मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवावे. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाई ही युक्ती नेहमी करतात आणि त्या कधी चुकल्या नाहीत.

सासूबाईंना हे सगळे सांगितले तेव्हा त्या नातवंडांना जेवू घालत होत्या. (आम्ही चार दिवस हिंडत होतो ते त्यांच्याच जिवावर.) त्यांच्या लहानपणी बोट देवगडच्या धक्क्याला लागतच नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात उतरायची. बायकांना वरून अक्षरशः झेलायचे. खाली पडाव वर-खाली होतोय, कडेवर मूल, डोक्यावर ट्रंक. ‘मग पुढे एस.टी. चुकायची का हो?’ मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘चुकली तर दुसऱ्या दिवशी. घरी कोणाक घाई होती?’ मग जरा थांबून त्याच म्हणाल्या, ‘माझ्या आयशीक होती. ती पडावात पयली उतरायची.’

आता त्या निळ्या बॅगेचे सांगते. ती माझ्या हाती आली दहाला दहा कमी असताना. दहा बावन्नपर्यंत मी तिच्यावरच टेकून उभी होते. आमच्या ह्यांचे ऑफिस फोर्टात, ते तिथूनच कामावर गेले. माझी शाळा दुपारची, साडेबाराची. हार्बर लोकलने वाशी, वाशीहून ठाण्याच्या गाडीने रबाळे, जिन्यांवरून ती बॅग ओढत मी घरी पोचले आणि साडी बदलून शाळेत गेले. तिसऱ्या तासाला निबंधाचा विषय दिला, ‘मी केलेला प्रवास.’ मला उभे राहून बोलायचे त्राणच नव्हते.

वन्सं दोनला पाच कमी असताना घरी पोचल्या. आजींनी विचारले, ‘आलीस?’ आणि डोळे मिटले. काकू तीनच्या ठोक्याला निघाल्या. बुधवारी त्यांना नात झाली.

बॅग मात्र आमच्याकडेच राहिली. कुणी नागपूरला जाणारे भेटले की पाठवू म्हणून कपाटावर ठेवली. गुरुवारी घरात वास यायला लागला. मुले म्हणाली, उंदीर मेला असेल. सगळे घर झाडून काढले आणि शेवटी बॅग उघडली. भाऊजींच्या इस्त्रीच्या सदऱ्यांत गुंडाळलेली वास्कोच्या बाजारातली दोन किलो सुकट! नागपुरात चांगली मिळत नाही म्हणून वन्संनी जपून घेतलेली. फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘तशीच ठेव, मी मे महिन्यात येतेय ना!’ सदरे धुऊन वाळत घातले. सुकट सासूबाईंनी ताब्यात घेतली आणि रविवारी त्यातली अर्धी कांद्यावर परतली. उरलेली बरणीत आहे. निम्मी झाली हे वन्संना अजून सांगितलेले नाही.